कुसळांचं हळदीकुंकू

रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी ईशानने फोनच्या कॅमेऱ्यासमोर आपला मोजा इतका जवळ धरला की मला आधी नुसता राखाडी रंग दिसला. मग त्याने तो जरा लांब नेला आणि मला दिसल्या त्या काळ्या, शेपटीवाल्या सुया, मोजाभर रुतलेल्या. "टेकडीवरून आलो, आजी, आणि या निघतच नाहीत," तो म्हणाला. तुमची आई मागून म्हणाली, "फेकून दे ते मोजे." मी म्हटलं, फेकू नकोस, एक सुई काढ, तळहातावर थोडी थुंकी लाव आणि तिच्यावर ठेव. रेवाने नाक मुरडलं. ईशानने ठेवली. आणि ती सुई त्याच्या हातावर आपोआप गोल गोल फिरायला लागली. त्याचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे, कारण तसाच चेहरा एकदा माझा झाला होता. मी नंतर पुस्तकात पाहून खात्री केली. तुमच्या ब्रिस्बेनच्या टेकडीवरचं ते गवत आणि माझ्या लहानपणच्या माळावरची कुसळी हे एकच गवत आहे. त्याच्या बियांना आम्ही कुसळं म्हणतो. तुम्हाला ही गोष्ट फोनवर सांगायला गेले तर मध्येच तुमची बस येते, म्हणून लिहायला घेतली.

आयुष्यभर मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि लिहिण्याआधी आराखडा करा असं मुलांना बजावलं. आज मीही आराखडा केला. पण पहिल्याच ओळीत गाय आली, आणि आराखड्यात ती तिसऱ्या जागी होती. असू दे. गायीपासूनच सुरुवात करते.

तिचं नाव तांबडी. लाल कंधारी जातीची, पिकल्या चिंचेच्या रंगाची, आणि स्वभावाने घरातल्या सगळ्यांपेक्षा शहाणी. माझ्या आईच्या माहेराहून ती कालवड म्हणून आली होती. आईला मी माय म्हणायची आणि वडिलांना दादा. आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला, दगडी भिंतींचं आणि वर मातीच्या धाब्याचं, उन्हाळ्यात आत शिरलं की माठात शिरल्यासारखं वाटायचं. त्या घरातला दिवस तांबडीच्या घाटीने उजाडायचा. तिने मान हलवली की घाटी वाजायची, मग मायची बांगडी, मग चरवीत पडणारी दुधाची धार, आणि मग दादांचा खोकला. येसराच्या आमटीचा वास येईपर्यंत मी गोधडीत पडून हे सगळं त्याच क्रमाने ऐकायची. मग दुष्काळ पडला आणि चारा संपला. बैलांपुरता कडबा उरला, तेव्हा मामा गाडी घेऊन आला आणि तांबडीला आपल्या गावी घेऊन गेला. मायचं माहेर सिरसाळ्याच्या अलीकडे. तिथे मामाने कुसळीचं कुरण पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं होतं आणि दुष्काळातही ते पार मेलं नव्हतं. तांबडी गेली आणि आमच्या घरचा चहा काळा झाला. दादा गावचे पाटील. त्यांच्या ओसरीवर रोज माणसं यायची आणि प्रत्येकाच्या हातात कोरा चहा पडायचा. कोणी काही बोलत नसे, पण पेला तोंडाला लावण्याआधी जो तो एकदा आत डोकावून बघे.

दुष्काळ सरला, पाऊस झाला, तरी तांबडी परत येईना, कारण तिने खायचं काय? गावाच्या वर आमच्याच मालकीचा मोठा माळ होता. त्याला सगळे बोडखा माळ म्हणत. गाववाल्यांच्या जनावरांनी तो आधीच खाऊन संपवला होता आणि दुष्काळात तर लोकांनी गवताची मुळंसुद्धा खुरप्याने उकरून नेली. वर राहिला तो मुरूम, दगड आणि मधोमध एक हिवराचं झाड. माय मात्र त्याला कधी बोडखा म्हणायची नाही, 'वरचा माळ' म्हणायची. तुम्हाला सांगायला हवं की 'बोडखी' हा शब्द तेव्हा केस काढलेल्या विधवेसाठी वापरत. आमच्या शेजारी रखमामावशी राहायची. लहानपणीच नवरा गेलेला, डोईवरचा पदर कधी न ढळलेला, आणि जिभेला अशी धार की दादासुद्धा तिच्याशी जपून बोलत. माय एकदा मला म्हणाली, "रखमा रोज आपल्या दारात येती. तिच्यासमोर त्या माळाचं ते नाव घ्यायचं का?" मग मीही घेणं सोडलं.

त्या दिवाळीत माय भाऊबीजेला माहेरी गेली आणि येताना मामाने ओवाळणी म्हणून दिलेलं कुसळांचं एक पोतं घेऊन आली. ती म्हणाली, माळावर हे पेरायचं. दादांना हसू आलं, पण ते नाही म्हणाले नाहीत. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी माळावर औत घातलं, दगड वेचून घेतले आणि तिफण जुंपली. तिफणीला वर एक लाकडी वाटी असते, चाडं. बाईने मुठीमुठीने त्यात बी सोडायचं आणि ते तीन नळ्यांतून तीन तासांत, म्हणजे तीन ओळींत, पडायचं. माय चाड्यावर होती. कुसळं चाड्यात पडली आणि तिथेच एकमेकांच्या शेपट्यांत अडकून त्यांची सुंभासारखी गुंडाळी झाली. नळ्या तुंबल्या. दादांनी काडीने कोचलं, फुंकलं, बैलांना शिव्या दिल्या आणि शेवटी हुकूम सोडला, "आधी बी साफ करा. ह्या शेपट्याच आडव्या यायल्यात."

मग आम्ही ते पोतं खळ्यावर ओतलं, काठ्यांनी बडवलं, गोणपाटावर चोळलं आणि वाऱ्यावर उपणलं. शेपट्या उडून गेल्या. उरलं ते जिऱ्यासारखं सुंदर, सुटसुटीत बी, चाड्यातून पाण्यासारखं वाहणारं. दादांनी ओढलेली तासं इतकी सरळ होती की माणसं बघायला आली. चांगली पेरणी कशी दिसते हे आमच्या गावात सगळ्यांना कळत होतं आणि ही पेरणी चांगली होती. अडचण एवढीच झाली की उगवलं काहीच नाही. पाऊस झाला, रानं हिरवी झाली आणि माळावरच्या त्या सरळ तासांमध्ये तरवडाची चार झुडपं सोडली तर मुरूमच चमकत राहिला.

गावाला विषय मिळाला. पाणवठ्यावर गंगूकाकूची जीभ सगळ्यात आधी सुटली. "पाटलीनबाय, आमी ज्वारी पेरतो तर पाखरं खात्यात. तुमी गवत पेरलं तर त्याला भुतानं खाल्लं का?" दुसऱ्या दिवशी, "हिरवी रांगोळी हाय माझ्याकडं. लागली तर सांगा, टाकून यिऊ." माय घागर डोक्यावर घेऊन हसायची आणि घरी येऊन गप्प बसायची.

दादा वाईट माणूस नव्हते, हे लक्षात ठेवा. त्यांच्या डोक्यात रस्ता होता. गावापर्यंत पक्का रस्ता झाला की येष्टी येईल, आजारी माणूस खाटेवर घालून न्यायला लागणार नाही, आणि मी आंब्याच्या शाळेत होते, मलाही सुट्टीला बैलगाडीतून यावं लागणार नाही. आंबाजोगाईला आम्ही नुसतं आंबा म्हणायचो. रस्त्याला मुरूम हवा होता आणि आमचा माळ म्हणजे मुरमाचा ढीग. बीडहून एक गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, येऊन बघून गेला. दादा मायला म्हणाले, "माळाला गवत येत न्हाई हे तर तू बगितलंस. मुरूम तरी गावाच्या कामाला यिऊ दे." माय म्हणाली, "माळ खणला की तांबडी कायमची गेली. आनखी एक पाऊस द्या मला." दादा म्हणाले, बघू. दादांचं 'बघू' म्हणजे काय ते आम्हा दोघींना माहीत होतं. दिवाळी झाली की कुदळी येणार होत्या.

आता माझी वेळ आली. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी माळावर गेले, एकटीच, रागाने. त्या माळाला शेवटचं बघून घ्यायचं होतं. हिवराच्या झाडाखाली एक बसका दगड आहे. त्याच्यावर बसायला गेले आणि परकर कशात तरी अडकला. खाली बघितलं तर दगडाच्या सभोवती, कमरेला लागेल एवढं, सोनेरी-तपकिरी गवत उभं, टोकांना काळी कुसळं एकमेकांत गुंतून वेणी घातल्यासारखी. एका पाटीत मावेल एवढीच जागा, पण गच्च. मी तिथून जी पळत सुटले ती चुलीपर्यंत. माय भाकरी थापत होती. मी परकर पुढे केला.

माय तशीच पिठाच्या हातांनी माझ्याबरोबर माळावर आली. दगडाभोवती एकदा फिरली, मग मटकन खाली बसली आणि हसायला लागली. "शाले, हितं म्या बसले व्हते गं. गेल्या दिवाळीला, पोतं घिऊन आले तवा. लुगड्याचा काठ कुसळांनी भरलता. माहेरची कुसळं घिऊन घरात शिरू नये म्हनत्यात, म्हनून हितं बसून वेचली आन हितंच टाकली."

एक पोतं तासांत पेरलं ते उगवलं नाही आणि काठातली मूठभर फेकली ती उगवली. का? आम्ही दोघी त्या दगडाजवळ बसून एकमेकींकडे बघत होतो. मी एक कुसळ काढलं. त्याचं टोक बाभळीच्या काट्यासारखं, मागे बारीक केस आणि त्यामागे ती लांब, पीळ घातलेली शेपूट. धावून धावून माझा तळहात घामेजला होता. कुसळ त्याच्यावर पडलं, क्षणभर गप्प राहिलं आणि मग त्या शेपटीचा पीळ सुटायला लागला. कुसळ फिरायला लागलं. सावकाश, एका लयीत, टोक माझ्या कातडीत रुतवत. सुताराचा भोक पाडायचा सामता फिरतो तसं. मायने माझा हात धरून जवळ ओढला. घाम वाळला तसं ते थांबलं. मायने त्याच्यावर जिभेची ओली बोटं टेकवली. ते पुन्हा फिरलं.

माय म्हणाली, "शेपूट म्हंजे त्याचं औत व्हतं. दंव पडलं की फिरतं, ऊन लागलं की थांबतं, असं करत आपलं आपन जमिनीत जातं. आन आपन काय केलं? औत मोडून घेतलं आन म्हनलं, आता पेर."

मी पुढे किती तरी पुस्तकं वाचली, पण एखादी गोष्ट समजण्याचा तसा आनंद मला फार थोड्या वेळा झाला. अंग हलकं झालं होतं. मी म्हटलं, "माय, मग आता काय? पुन्हा पोतं आणायचं?" ती म्हणाली, "पोतं न्हाई. लुगडी."

दोन दिवस ती कोणाला काही बोलली नाही. दादा कार्तिकी एकादशीला नारायणगडाला जाणार होते. ते निघाले आणि त्यांची गाडी वेशीबाहेर पडते न पडते तोच माय घरोघर फिरली. प्रत्येक दारात एकच निरोप. एकादशीला आमचं हळदीकुंकू आहे. जुन्यात जुनं लुगडं नेसून या, फाटकं असलं तरी चालेल. गंगूकाकू म्हणाली, "जुनं कावून? लोकं हळदीकुकवाला नवं नेसत्यात." माय म्हणाली, "आमच्याकडं उलटी रीत हाय." त्या एका वाक्याने अख्ख्या गावच्या बायका आल्या. उलटी रीत बघायला कोण नाही येणार?

पहाटे बैलगाड्या जुंपल्या आणि आम्ही मामाच्या गावाला निघालो. उपवास असल्याने बरोबर राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. वाटेत मायने सगळं सांगितलं. आधी एक हसली आणि मग गाडीची चाकं ऐकू येईनाशी झाली. कुरणाच्या बांधावर मामा उभा होता. तांबडी त्याच्या मागे, दोरीशिवाय. तिने मला ओळखलं आणि माझा खांदा चाटला. गायीची जीभ कशी खरखरीत असते हे तुम्हाला लिहून सांगता येणार नाही.

मामाची शिस्त कडक. दाणा गळल्याशिवाय कुरणात विळा नाही आणि जनावर नाही. पण बायकांना कुरणात फिरवायचं हे त्याच्या शिस्तीत कुठेच बसत नव्हतं. तो डोकं खाजवत म्हणाला, "आक्का, चोरी करायला आलीस तर अंधारात तरी यायचं." माय म्हणाली, "भावाचं न्यायला अंधार कशाला? तू काय भाऊबीजंला ताटात टाकलं व्हतंस ते आटीव." मामा बाजूला झाला. आणि आम्ही सगळ्या कुसळीत शिरलो. गवत कमरेला, वर वारा, आणि त्या गवतातून बायकांची रांग, काठ सोडून, पदर सोडून, मुद्दाम लोळण घेतल्यासारख्या. एरवी ज्या कुसळांना आम्ही शिव्या द्यायचो ती अंगाला लावून घ्यायला चाललो होतो. बाहेर आलो तेव्हा प्रत्येकीचं लुगडं काळ्या केसांचं झालं होतं, अस्वलासारखं.

आता परतीची गंमत. कोणालाच बसता येईना. बसलं की टोचायचं. मग बैलगाड्यांत बायका उभ्या, एकमेकींना धरून, खाचखळग्यांत एकदम हिंदकळत. गंगूकाकू ओरडत होती, "पाटलीनबाय, तुमच्या गवतापायी माझं बसनं मोडलं." कोणीतरी म्हणालं, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हनत्यात, आता पाटलांना आपल्या सगळ्या अंगावरचं दिसंल." वाटेतल्या गावांतली माणसं पारावरून उठून बघत होती. मी सगळ्यात पुढच्या गाडीत उभी होते आणि मला वाटत होतं की ही गाडी अशीच चालत राहावी.

माळावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मायने प्रत्येकीला जागा नेमून दिली. दगडाच्या सावलीला, जिथे थोडी माती साठली आहे तिथे एकेकीला. बसायचं, लुगड्यातली कुसळं वेचायची आणि तिथेच आजूबाजूला टाकायची. पुरायची नाहीत, दाबायची नाहीत. माय स्वतः हिवराखालच्या दगडाजवळ गेली. त्याच्यावर खण ठेवला, नारळ, हळकुंड, सुपारी, ओंजळभर गहू आणि वर मूठभर कुसळं. माळाची ओटी भरली. मग ती हळदीकुंकवाचं तबक घेऊन एकेकीकडे निघाली.

रखमामावशी आली होती. तिला निरोप कोणी दिला हे मी विचारलं नाही, मायनेच दिला असणार. ती सगळ्यांपासून लांब, माळाच्या कडेला बसली होती आणि तिच्या पांढऱ्या लुगड्याला सगळ्यांत जास्त कुसळं होती. माय तबक घेऊन तिच्याकडे वळली तशा आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबल्या. गंगूकाकू हळूच म्हणाली, "पाटलीनबाय, तिकडं कुठं?" माय न थांबता म्हणाली, "कुसळ काय सवाशीन बगून चिकटतं व्हय?"

रखमामावशीने हात आडवा केला. तिचा आवाज नेहमीसारखा धारदार नव्हता. "कपाळाला नको, पाटलीनबाय. मला सवय न्हाई आता." माय तिच्यासमोर खाली बसली. मग रखमामावशीनेच लुगड्याचा कुसळांनी भरलेला काठ उचलून पुढे केला आणि म्हणाली, "हितं लाव." मायने काठाला हळद लावली, कुंकू लावलं. गंगूकाकूने मान खाली घातली आणि घाईघाईने कुसळं वेचायला लागली.

तेवढ्यात जीपचा आवाज आला. दादा दुसऱ्या दिवशी येणार होते. पण नारायणगडाला त्यांना गुत्तेदार भेटला होता, त्याच्याकडे जीप होती, आणि माळ आजच पक्का करून टाकू म्हणून दोघे थेट वर आले होते. जीप थांबली. दादा उतरले, आणि समोर अख्खा माळ बायकांनी मांडलेला, जिकडे तिकडे खाली मान घालून लुगडी निवडत बसलेल्या.

"हे काय करायलीस?" दादा हिवराखाली येत म्हणाले.

"हळदीकुकू," माय म्हणाली.

"माळावर? एकादशीला?"

"एकादशीला करू नये असं कोन्च्या पोथीत हाय?"

दादा दगडाजवळच्या गवतात उभे होते आणि बोलता बोलता धोतराला लागलेली कुसळं चिमटीने काढून खाली टाकत होते, आपण काय करतोय याची जाणीव नसल्यासारखे. गुत्तेदार मात्र दगडाकडे बघत होता. "ही वटी कुनाची?" त्याने विचारलं.

"माळाची," माय म्हणाली. "भरलीया आता. भरल्या वटीचं उकरायचं का ते तुमी दोघं ठरवा."

गुत्तेदाराने टोपी काढून हातात घेतली, झटकली, परत घातली. तो मोठा माणूस होता, त्याच्या हाताखाली शेकड्यांनी मजूर होते. "पाटील," तो म्हणाला, "मुरूम मला कुटंबी घावंल. पन भरल्या वटीत कुदळ लावायला माझी मानसं येनार न्हाईत. आन आली तरी मी लावनार न्हाई. माझी सून गर्वार हाय." तो जीपकडे वळला.

दादा मायकडे वळले. रागावले होते, पण त्या रागाखाली दुसरं काहीतरी हलत होतं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पंचमीपर्यंत थांबतो. पंचमीला हा माळ हिरवा न्हाई दिसला तर दुसरा गुत्तेदार बगीन आन त्याच दिशी कुदळ लावीन."

मग कडेवरून रखमामावशीचा आवाज आला, पुन्हा नेहमीच्या धारेचा. "पंचमीला कुदळ, पाटील? नागोबाला विचारलंत का?"

नागपंचमीला आमच्याकडे कोणी जमीन खणत नाही, नांगरत नाही, भाजीसुद्धा चिरत नाही. सगळा माळ हसला. दादांनी जीभ चावली. "मग दुसऱ्या दिशी," ते म्हणाले आणि धोतर झटकत खाली उतरले.

पुढचे महिने मी शाळेत असताना माझं अर्धं मन त्या माळावर होतं. मायने बाभळीच्या काट्या ओढून आणून वाट बंद केली. कोणाचं शेरडू वर चढलं तर ती हातातलं काम टाकून धावायची. उन्हाळ्यात माळ पूर्वीसारखाच दिसत होता. बी पडल्यावर लगेच उगवत नाही, त्याला मधला उन्हाळा सोसावा लागतो, हे मी नंतर वाचलं. मायने तेही आपल्या मनाने धरून ठेवलं होतं. तिचं पत्र आलं की मी आधी त्यात माळ शोधायची. 'पाऊस बरा हाय' याच्यापुढे ती काही कळवत नसे.

पंचमीला मी घरी पोचले ती थेट माळाकडे. मेंदी लावलेल्या बायका झोके सोडून आधीच काट्यांपाशी जमल्या होत्या. मायने काटी बाजूला केली आणि आम्ही वर चढलो. माळ हिरवा नव्हता. मुरूम तसाच लाल होता. पण त्याच्यावर जिथे जिथे बाई बसली होती तिथे तिथे हिरवं गोल उठलं होतं. प्रत्येकीच्या मांडीएवढं, प्रत्येकीचा हात पोचला असेल तिथपर्यंत. जणू त्या सगळ्या अजून तिथेच बसल्या होत्या. मग गंगूकाकू धावत सुटली, "ही माझी, ही माझी बैठक," आणि मग सगळ्याच धावल्या. दगडांच्या खुणांवरून जी ती आपली जागा शोधत होती, दुसरीची बारकी म्हणून चिडवत होती. कडेला एक सगळ्यांत मोठी आणि दाट होती. तिथे रखमामावशी उभी होती, कंबरेवर हात ठेवून, आणि तिला कोणी चिडवलं नाही.

दादा काठी टेकत आले. ते प्रत्येक बैठकीजवळ थांबत, वाकत, पात हातात धरून बघत. हिवराच्या दगडाजवळ जुन्या गवताला लागून एक अगदी लहान, नवी बैठक होती. "ही कुनाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची," माय म्हणाली. "त्या दिशी हितं उभं राहून धोतरातली टाकलीत की."

दादांनी त्या चार पात्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझं पेरलेलं उगवलं न्हाई आन झटकलेलं उगवलं." आणि हसले, इतके की त्यांना दगडावर बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी कुदळ आली नाही. रस्ता झाला, पण त्याला मुरूम ओढ्याच्या पलीकडून आला. येष्टीही आली.

राखण कशी करायची ते मायने मामाकडून शिकून घेतलं आणि दादांनी ते गावाला पाळायला लावलं. पहिली वर्षं जनावर वर न्यायचं नाही. कुसळं गळून जमिनीत गेल्याशिवाय विळा लावायचा नाही. कापताना मुठीएवढा बुडखा ठेवायचा. विस्तव कधीच न्यायचा नाही. आणि दर कार्तिकात बायकांनी जुनी लुगडी नेसून त्या गवतातून रिकाम्या जागांकडे चालायचं आणि तिथे बसायचं. हळूहळू बैठका एकमेकींना मिळाल्या. तांबडी परत आली ती वासरासकट. एका सकाळी गोधडीत असताना मला घाटी ऐकू आली, मग मायची बांगडी, मग धार. त्या दिवशी ओसरीवर ज्याच्या हातात पेला आला त्याने आत डोकावून पाहिलं आणि मग मायला हाक मारून आणखी एक मागितला.

मुलांनो, ती माणसं आता नाहीत. बैलगाड्या नाहीत, तिफणी नाहीत, हिवराचं झाडही एका वादळात पडलं. मागच्या हिवाळ्यात मी माळावर गेले होते. एक मुलगी शेळ्या घेऊन निघाली होती. तिला विचारलं, कुठे जातेस? ती म्हणाली, "रखमाच्या बैठकीकडं, आज्जी. तिथलं गवत चांगलं राहतं." रखमा कोण, हे तिला माहीत नव्हतं. बोडखा माळ कुठला, तेही माहीत नव्हतं. मी घरी आले आणि ओट्यावर बसून साडीच्या काठातली कुसळं वेचली.

माळ आहे. कुसळी आहे. आणि तिच्यातल्या एका तुकड्याला गाव अजून रखमाची बैठक म्हणतं.